मजुरीचा रकाना

पेण आणि रोहे तालुक्यांतल्या बचत गटांच्या बायकांना उद्योगाचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. काम मनापासून आवडतं. गावात गेलं की मान मिळतो, ओटीवर चहा येतो, निघताना हातात शेंगांची पिशवी पडते. तरी एक प्रश्न असा आहे जो कुठल्याही आढावा बैठकीत मला कुणी विचारत नाही, आणि मन मात्र विचारल्याशिवाय सोडत नाही. जी बाई पहाटे पाचला उठते आणि रात्री दहाच्या पुढे पाठ टेकते, तिच्या दिवसात आणखी एक काम घालायचा अधिकार मला कुणी दिला?

या प्रश्नाला तयार उत्तरं पुष्कळ आहेत आणि त्यांतलं एकही खोटं नाही. बाईच्या हातात स्वतःचा पैसा येतो. मुलीच्या फीसाठी तिला कुणापुढे तोंड वेंगाडावं लागत नाही. ती एकटी बँकेत जाते, साहेबाच्या समोरच्या खुर्चीवर बसून बोलते. यामागे एक मोठा प्रवास आहे. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. 1992 मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा तारणाशिवाय गरीब बाईला कर्ज देणं बँकांना पचनी पडत नव्हतं. 2011 मध्ये ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं आणि गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी बांधणी गावोगाव उभी राहिली. आज वडखळपासून कोलाडपर्यंत कुठल्याही गावात गेलात तर गटाची बाई पंचसूत्री घडाघडा म्हणून दाखवते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. हे सगळं मी जवळून पाहिलं आहे आणि त्याची किंमत मला ठाऊक आहे. म्हणूनच माझा प्रश्न या चळवळीच्या विरोधातला नाही, तो तिच्या पोटातला आहे.

तो नेमका कुठे बोचतो, ते हिशेबाच्या सत्रात कळतं.

पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं यांचं नाव आहे. मुंबईहून कोकणात जाणारा माणूस पेणला गाडी थांबवून ती घेतो. त्यामुळे इथल्या प्रशिक्षणात पापड हटकून येतो. मालाची किंमत कशी काढायची, हे शिकवताना फळ्यावर आम्ही एकेक बाब लिहितो. पोहे, पापडखार, हिंग, तिखट, तेल, पिशवी, लेबल, एसटीचं भाडं. बायका भराभर आकडे सांगतात, कारण बाजाराचे भाव त्यांच्या जिभेवर असतात. मग मी लिहिते, ‘मजुरी’. आणि तिथे गाडी अडते. आतापर्यंत एकमेकींच्या आधी बोलणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. शेवटी एखादी म्हणते, “ताई, मजुरी कसली लावता? घरचंच काम हाय ना.” बाकीच्या माना डोलावतात.

समजा, एक किलो पापडाला माल, इंधन, पिशवी आणि वाहतूक मिळून 240 रुपये लागले आणि पापड 300 रुपयांना गेला. आमच्या नमुन्यात आम्ही लिहितो, नफा 60 रुपये. पीठ कुटणं, लाट्या पाडणं, लाटणं, वाळत घालणं, उलटणं, मोजून पिशव्या बंद करणं, यांत बायकांचे मिळून तीन तास गेले असं धरू. म्हणजे तासाला 20 रुपये. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला 312 रुपये दर होता, आठ तासांनी भागलं तर तासाला 39. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईला सरकारने जो किमान दाम ठरवला, त्याच्या निम्मा दाम माझ्या उद्योजिकेला मिळतो आणि त्याला मी नफा म्हणते. ज्या महाराष्ट्राने कामाचा हक्क आणि त्याचा दाम कायद्यात लिहून दाखवला, त्या महाराष्ट्रात बसून मी हे म्हणते.

39 रुपयांनी मजुरी धरली तर त्या किलोला 117 रुपये मजुरीचेच होतात. 240 अधिक 117, म्हणजे 357. पापड 300 ला विकला तर किलोमागे 57 रुपये तोटा आहे, आणि तो तोटा बाई स्वतःच्या अंगाने भरून काढते आहे. फळ्यावर ही बेरीज मांडली की वर्गात जी शांतता पसरते, ती मला पेलत नाही. त्या शांततेत प्रत्येक बाई आपापली वर्षं मोजत असते.

योजनांचे कागद मी याच नजरेने पुन्हा वाचते. 2020 साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत यंत्रासाठी 35 टक्के अनुदान आहे, अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्येला खेळतं भांडवल आणि लहान अवजारं यांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. योजना चांगलीच आहे, मी ती गावागावांत सांगते. पण यंत्राला किंमत आहे, पोह्याला आहे, पिशवीवरच्या छपाईला आहे. ज्या हातांनी हे सगळं उभं राहतं ते हात फुकट आहेत, असं गृहीत धरून आम्ही सारे अर्ज भरतो. हे गृहीतक माझ्या सहीने पुढे जातं. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून मला त्यातून सुटता येत नाही.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरातली बिनमोलाची कामं करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात असं दिसलं, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं. पाच तास आणि दीड तास. माझं प्रशिक्षण या पाच तासांना हात लावत नाही. ते पाच तास तसेच ठेवून मी तिच्या दुपारच्या आडवं होण्यातून, तिच्या झोपेतून वेळ काढून घेते. मुंबईत महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं तेव्हा आमच्या गटांना गाळा मिळावा म्हणून मी जिवाचं रान करते. तिथे जाणारी बाई आधीच्या दोन रात्री जागून घरच्यांसाठी स्वयंपाकाची तजवीज करून ठेवते. तिने किती माल विकला याची नोंद माझ्याकडे असते. त्या दोन रात्रींची नोंद कुणाकडेच नसते.

मग मी स्वतःला विचारते, यावर उपाय नाही असं आहे का? तसं मुळीच नाही, आणि म्हणूनच मला गप्प बसता येत नाही. 15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा पुढे लिज्जत झाला. लिज्जतचं यश सगळे सांगतात, पण त्याचा कणा फार कमी लोक सांगतात. तिथे लाटणावळ ठरलेली असते. जी बहीण जितके किलो लाटून आणेल तितकी लाटणावळ तिच्या हातात पडते. नफा ही नंतरची, वेगळी गोष्ट, आणि तोही त्याच बहिणींचा. मजुरी आधी आणि नफा मागून. हा क्रम त्या बायकांनी पहिल्यापासून सांभाळला. आम्ही लिज्जतचं उदाहरण देतो ते ‘बघा, पापडातून किती मोठं होता येतं’ म्हणून. खरं तर ते ‘बघा, आधी लाटणावळ ठरवा’ म्हणून द्यायला हवं.

रोह्याच्या बाजूला असंच एक शहाणपण बायकांच्या हातात आधीपासून आहे. भात कापल्यावर जमिनीच्या ओलाव्यावर वाल होतो. कडवा वाल भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. साल निघाली पाहिजे आणि डाळिंबी मोडता कामा नये. तासभर सोललं की बोटांची टोकं सुरकुततात, नखांच्या कडा झोंबतात. अख्ख्या वालाचा भाव आणि सोललेल्या बिरड्याचा भाव, यांतलं अंतर म्हणजे या बोटांची मजुरी. पनवेलच्या, ठाण्याच्या बाईला ते सोलणं नको असतं, म्हणून ती खुशीने जास्त पैसे मोजते. म्हणजे विकत घेणारीला या कामाचं मोल कळतं. मोल सांगायला लाजते ती करणारी, आणि तिची ती लाज घालवणं हे माझं पहिलं काम असायला हवं. लेबलाचा रंग, फोटो, मोबाइलवरची जाहिरात हे सगळं त्यानंतर.

पेणच्या गणपतींचंही तेच. हमरापूर, जोहे या भागात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. पेणची मूर्ती समुद्रापार जाते. या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने काम करतात. साच्यातून काढलेल्या मूर्तीच्या फटी बुजवणं, पॉलिश पेपरने घासणं, रंगाचे पहिले हात देणं, शेवटी खडे चिकटवणं. कौशल्याची खरी कसोटी असते ती डोळ्यांच्या आखणीत. बुबुळाची रेघ केसाएवढी सरकली तर मूर्तीचा भावच बदलतो. आखणी करणाऱ्याला मान जास्त आणि दामही जास्त. घासणाऱ्या बाईला मी ‘उद्योगाची संधी’ म्हणून मेणबत्त्या शिकवायच्या, की ती वर्षानुवर्षं ज्या मूर्तीला हात लावते तिचे डोळे आखायला शिकवायचे? मेणबत्त्या शिकवणं सोपं. साहित्य एका पिशवीत मावतं, दोन दिवसांत सत्र संपतं, फोटो छान येतात. आखणी शिकवायची तर कारागिराची विनवणी करावी लागते, त्याला वेळेचा मोबदला द्यावा लागतो, महिनोन् महिने हात बसेपर्यंत बिघडलेल्या मूर्तींचा खर्च सोसावा लागतो. पण तेच प्रशिक्षण तिचा दाम वाढवतं, तेही तिच्या दिवसात एक मिनिट न वाढवता. ज्या कामात तिचे तास आधीच जात आहेत, त्या तासांचं मोल वाढवणं, ही मला माझ्या प्रश्नावरची सर्वांत प्रामाणिक वाट वाटते.

जोखमीचा विचार तर मला रात्री जागं ठेवतो. वाळवणं उन्हावर चालतात. चैत्र-वैशाखाचं कडक ऊन हेच आमच्या गटांचं यंत्र. 2025 साली मे महिना संपायच्या आत, 26 तारखेला, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, आणि त्याआधीचे काही दिवसही कोकणात पावसाचेच गेले. गच्चीवर, अंगणात घातलेला माल आत ओढता ओढता बायकांची तारांबळ उडाली. ओलसर पापडाला बुरशी धरली की तो टाकावाच लागतो. त्याआधी 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ रोह्याने अंगावर घेतलं होतं, छपरं उडाली होती, झाडं आडवी झाली होती. त्याच वर्षी मूर्तिकारांचा हंगाम टाळेबंदीने खाल्ला. 2025 मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींवरच्या बंदीचं काय होणार, या चिंतेत कारखाने महिनोन् महिने लटकले आणि 9 जूनला उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला व विकायला मुभा दिली तेव्हा कुठे श्वास घेतला. नदी-समुद्राचं रक्षण व्हायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण या प्रत्येक प्रसंगात हंगाम बुडाला तो घासणारीचा, लाटणारीचा. माझा पगार महिन्याच्या महिन्याला झाला. जोखीम घ्यायला शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची जोखीम काहीच नसेल, तर त्याने निदान शब्द जपून वापरावेत. ‘हिंमत करा, कर्ज घ्या’ हे वाक्य माझ्या तोंडी यायच्या आधी मला हे आठवलं पाहिजे.

कर्जाचं तर फारच जपून बोललं पाहिजे. गटाचं बँक कर्ज घेतलेल्या कितीतरी बायकांच्या दारात आज आठवड्याचा हप्ता मागणारे खासगी कंपन्यांचे वसुलीवालेही उभे असतात. एकाची परतफेड दुसऱ्याच्या उचलीतून होते. धंद्यासाठी काढलेला पैसा सासूच्या दवाखान्यात जातो, मुलाच्या प्रवेशात जातो. कागदावर आम्ही त्याला ‘कर्जाचा गैरवापर’ म्हणतो. सासूला दवाखान्यात नेणं हा गैरवापर कसा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पैशाचा विश्वास ही या गावांसाठी पुस्तकी गोष्ट नाही. 2010 साली पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि लाखाच्या वर ठेवीदारांचे पैसे अडकले. पेणच्या जवळजवळ प्रत्येक घरात त्याची झळ पोहोचली. अशा गावात दहा बायका दर बैठकीला पैसे सगळ्यांसमोर मोजतात, वही मोठ्याने वाचून दाखवतात, शिल्लक किती ते शेवटच्या बाईलाही पाठ असतं. त्यांनी स्वतःच्या बळावर उभा केलेला हा विश्वास मी माझ्या उद्दिष्टाच्या आकड्यासाठी वापरायचा नाही, एवढी तरी मर्यादा मी पाळली पाहिजे.

आणि ज्या माझ्या वर्गात येतच नाहीत, त्यांचं काय? पेण आणि रोह्याच्या डोंगरकुशीत कातकरी वाड्या आहेत. दिवाळी उलटली की तिथली घरं रिकामी व्हायला लागतात. कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. दर महिन्याला बैठक, दर महिन्याला बचत हा आमचा नियम त्या वाडीतल्या बाईला पहिल्याच पायरीवर थांबवतो. ‘त्यांच्यात सातत्य नसतं’ असं म्हणून अहवाल पुढे सरकतो. भट्टीवर मजुरीचा हिशेब नवराबायकोच्या जोडीवर होतो, हजार विटांमागे अमुक दर. उचल घेतो नवरा. चिखल मळताना, विटा वाहताना तिचा वाटा निम्मा असतो आणि हिशेबात तिचं नावही नसतं. म्हणजे पापडाच्या वहीत जो रकाना रिकामा, तोच भट्टीच्या वहीतही रिकामा. कठीण भागात पाच जणींचाही गट करायला नियम परवानगी देतो. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत वाडी भरलेली असते, आणि आगाऊ उचल दिली-घेतली जाते तीही याच दिवसांत. उचलीच्या आधी गटाचा पैसा तिच्या हाती पोहोचला तर तिला भट्टीवर जाताना निदान दर विचारता येईल, कदाचित जायचं की नाही हेही ठरवता येईल. आमचं प्रशिक्षणाचं वेळापत्रक मात्र मार्चअखेरच्या खर्चावर ठरतं, वाडी ओस असते तेव्हा.

हे सगळं मनाशी मांडल्यावर काम सोडून द्यावं असं मला वाटत नाही. उलट काय करायचं ते स्वच्छ दिसतं. माझ्या सत्राचा पहिला तास आता मजुरीचा असेल. माल काय बनवायचा हे ठरवण्याआधी प्रत्येकीने आपला कालचा दिवस तासातासाने सांगायचा, आपल्या तासाचा दर गटाने मिळून ठरवायचा, आणि तो रोजगार हमीच्या दराखाली जाऊ द्यायचा नाही. त्या दराने हिशेब करून जो धंदा तोट्यात जातो, तो धंदा करा असं मी सांगणार नाही, मग माझं उद्दिष्ट अपुरं राहिलं तरी चालेल. घरातल्या पुरुषांनाही एका बैठकीला बोलवायचं आणि तेच तास त्यांच्यासमोर वाचायचे, कारण पाच तासांचे चार तास त्यांच्याशिवाय होणार नाहीत. वाड्यांवर पावसाळ्यातच जायचं. आणि अहवालात किती गटांनी धंदा सुरू केला या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहायचा, त्यातल्या किती जणींना तासाची पुरी मजुरी सुटली.

वरिष्ठ विचारतील की हा आकडा इतका लहान का. तो लहानच असेल. आजवर मोठे आकडे लिहिताना जे झाकलं जात होतं ते त्यात दिसेल, आणि दिसलं तरच पोह्याचा भाव, सरसमधला दर, मूर्तीच्या आखणीची मजुरी, भट्टीची उचल यांवर बोलायला आम्हाला तोंड राहील. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईच्या दिवसात आणखी काम घालायचा अधिकार मला कुणीच दिलेला नाही. तिच्या चालू दिवसाचा पुरा दाम तिच्या पदरात पडेल यासाठी झटणं हे मात्र माझं कर्तव्य आहे, आणि येत्या हंगामात माझ्या कामाचा हिशेब मी त्याच मापाने देणार आहे.